दुरून नाटक साजरें

पन्नाशी उलटल्यावर मनुष्यानें काय काय करूं नये, याची एक यादी आमच्या आप्तेष्टांनीं आम्हांस वेळोवेळीं ऐकविली आहे. चालत्या गाडींत चढूं नये, रात्रीं दहीं खाऊं नये, घर बांधण्याच्या भरीस पडूं नये, इत्यादि. परंतु पुन्हां विद्यार्थी होऊं नये, असें कलम त्या यादींत नसल्यामुळें आम्ही गाफील राहिलों, आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं एका अमेरिकन कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या वर्गांत जाऊन बसलों. 'जाऊन बसलों' हें केवळ बोलण्याच्या रूढीनें. तें कॉलेज आमच्या घरापासून आठ हजार मैल दूर; आणि आम्ही बसलों होतों तें पुण्यांतील आमच्या राहत्या घराच्या मागल्या खोलींत, संगणकासमोर, अंगावर शाल घेऊन. विषय होता नाट्यास्वाद.

या विद्यार्थिदशेचें मूळ आमच्या प्राचार्यांच्या खोलींत आहे. २०२० सालचें नवें शैक्षणिक धोरण आमच्या कॉलेजाच्या दारीं येऊन ठेपलें, तेव्हां कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास घेतां येतील असे कांहीं नवे विषय काढावयाचें ठरलें. प्राचार्य आम्हांस म्हणाले, "सर, तुम्ही अठ्ठावीस वर्षें शेक्सपिअर शिकवतां. नाटक म्हणजे तुमच्या घरचेंच कार्य. नाट्यास्वाद तुम्हीच घ्या." स्तुतीला नकार देण्याची संवय आम्हांस नसल्यामुळें आम्हीं तत्काळ होकार दिला. घरीं परततांना सिग्नलपाशीं उभे असतां एकाएकीं आमच्या ध्यानांत आलें कीं, शेक्सपिअरचीं जीं पांच नाटकें आम्ही शिकवितों, त्यांपैकीं एकही आम्हीं रंगभूमीवर पाहिलेलें नाहीं. आणि विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन नाट्यगृहाची पायरी तर आम्ही अठ्ठावीस वर्षांत एकदांही चढलों नाहीं. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या भाच्यास ही अडचण आम्हीं कळविली. त्यानें, मामावरील प्रेमानें कीं मामाची गंमत पाहण्याच्या इच्छेनें हें सांगवत नाहीं, २०२३ च्या जानेवारींत सुरू होणाऱ्या सोळा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत आमचें नांव दाखल करून दिलें.

दुरून शिकण्याची कल्पना आजची नव्हे. आयझॅक पिटमन या गृहस्थानें १८४० सालीं इंग्लंडांत लघुलिपीचे पाठ टपालानें पाठविण्यास आरंभ केला. त्याच सालीं तेथें पेनी पोस्ट सुरू होऊन टपालखर्च स्वस्त झाला होता. आपल्याकडे नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरबसल्या पदव्या मिळवून देत आहे. लघुलिपि अशी शिकतां येते, हिशेब शिकतां येतात, हें आम्हांस मान्य होतें. परंतु नाटकाचा आस्वाद एकट्यानें, बंद खोलींत बसून शिकावयाचा, ही गोष्ट टपालानें पोहणें शिकण्यासारखी वाटत होती.

व्यवस्था अशी होती. दर सोमवारीं एक नवा पाठ उघडे. त्यांत बाईंचें मुद्रित व्याख्यान, वाचावयाचीं पानें व पाहावयाचें एखादें नाटक असे. रविवारच्या मध्यरात्रीपूर्वीं एक लहानशी परीक्षा देऊन, सर्वांना वाचतां येईल असें टिपण लिहावयाचें, आणि दुसऱ्या दोघांच्या टिपणांस उत्तरें द्यावयाचीं. आमच्या बाई वयानें आमच्याहून वीस वर्षांनीं तरी लहान असाव्यात. पण शिक्षिका ती बाईच, म्हणून आम्ही त्यांस मनांत बाईच म्हणत असूं.

वर्गांत आम्ही चोवीसजण होतों. त्यांत रात्रपाळी करणारी एक परिचारिका होती, मालाचा ट्रक हांकणारा एक गृहस्थ होता, आणि बरींच अठरा-एकोणीस वर्षांचीं मुलें होतीं. पहिल्या आठवड्यांत प्रत्येकानें आपली ओळख लिहावयाची होती. आम्हीं ती सर्व पदव्यांसह लिहिली. उत्तरादाखल ट्रकवाल्यानें आमच्या पाळण्यांतल्या नांवानें हांक मारून, 'तुमच्याकडे आतां किती वाजले?' एवढेंच विचारलें. आमची आई गेल्यापासून त्या नांवानें आम्हांस कोणी हांक मारली नव्हती. प्रथम राग आला. मग तो कां आला याचें हंसूं आलें.

तिसऱ्या आठवड्यांत प्राचीन नाट्यगृहांचा पाठ होता. ग्रीसमध्यें एपिडॉरस येथें इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत बांधलेलें उघडें नाट्यगृह आहे. टेकडीच्या उतारावर दगडी बैठकांच्या ५५ रांगा आहेत, आणि बारा ते चौदा हजार माणसें तेथें बसूं शकत. शेवटच्या रांगेंतील मनुष्यास खालचा नट बोटाएवढा दिसावयाचा, आणि त्याच्याही तोंडावर मुखवटा! आपल्या देशाची बाजू मांडण्याची संधि आम्हीं सोडली नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत मर्त्य मनुष्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम नाट्यगृहच उत्तम ठरविलें आहे; कारण त्याहून मोठ्या नाट्यगृहांत नटाचे शब्द अस्पष्ट होतात आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात, असें आम्हीं विस्तारानें लिहिलें. त्यावर बाईंनीं उत्तर दिलें कीं, अंतराची चिंता दोघांनाही होती. एकानें तें अंतर कमी केलें; दुसऱ्यानें तें सोसण्यासाठीं सारें नगर सोबतीला बोलाविलें. आम्ही मात्र घरीं एकटेच बसून नाटक पाहतों; तेव्हां आमचें अंतर कोणतें, तें आमचें आम्हींच मोजावें.

हें मोजमाप लवकरच सुरू झालें. नाटकें पाहावयाचीं तीं बहुतेक मुद्रित. थॉर्नटन वाइल्डरचें १९३८ सालचें 'अवर टाउन' पाहिलें. त्यांत रंगमंचावर देखावे नाहींत, आणि एक व्यवस्थापक पुढें येऊन प्रेक्षकांशीं सरळ बोलूं लागतो. हा तर आपला सूत्रधारच, म्हणून आम्ही खुर्चींत ताठ बसलों. लॉरेन हॅन्सबेरीचें १९५९ सालचें 'अ रेझिन इन द सन' पाहून डोळे पुसले. परंतु दोन्हीं वेळां एक गोष्ट खटकली. कोणाकडे पाहावयाचें, हें आमच्याऐवजीं कॅमेराच ठरवीत होता. बोलणाऱ्याचा चेहरा मोठा होई, आणि बाकीचीं माणसें चौकटीबाहेर नाहींशीं होत. नाट्यगृहांत आपली नजर आपल्या मालकीची असते. येथें ती आम्ही उसनी आणली होती.

सुदैवानें दोन नाटकांचे प्रत्यक्ष प्रयोग पाहून त्यांचे अहवाल लिहिणें, आणि सोबत तिकिटाचें छायाचित्र जोडणें, हें सक्तीचें होतें. फेब्रुवारींत शहरांतील एका जुन्या नाट्यगृहांत 'सौभद्रा'चा प्रयोग लागला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८२ सालीं रंगभूमीवर आणलेलें हें संगीत नाटक आमच्या सौभाग्यवतीनें आजवर निदान दहा वेळां पाहिलें असेल. प्रत्येक वेळीं ती शेजारणींबरोबर जाई, आणि आम्ही पेपर तपासण्याची सबब सांगून घरीं राहत असूं. या खेपेस आम्हींच दोन तिकिटें काढून आणलीं, तेव्हां तिनें आमच्या कपाळास हात लावून पाहिला.

तिसरी घंटा झाली, धूपाचा वास आला, नांदी सुरू झाली. आम्हीं खिशांतून बाईंनीं दिलेली प्रश्नावलि काढली. रंगमंच कोणत्या प्रकारचा, प्रकाश कोणत्या दिशेनें येतो, प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा आहे, अशीं चौदा कलमें होतीं. अंधारांत लिहितां येईना म्हणून आम्हीं फोनचा दिवा लावला. मागून एक तरुण आवाज आला, "आजोबा, दिवा बंद करा." आणि शेजारून दुसरा, आमच्या चांगल्या परिचयाचा: "अहो, ते कागद ठेवा बरं आतां खालीं. समोर बघा."

आम्हीं समोर पाहिलें. दुर्योधनाशीं आपलें लग्न लावून देणार या दुःखानें सुभद्रा व्याकूळ झालेली. तिचें पद संपतें न संपतें तोंच मागल्या रांगेंतून 'वन्स मोअर' आला, टाळ्या झाल्या, आणि त्या दुःखी राजकन्येनें किंचित् मान लववून तेंच पद पुन्हां आरंभिलें. अहवालांत हा प्रकार अमेरिकन बाईंना समजावून देतांना आमची तारांबळ उडाली. त्यांनीं समासांत एकच प्रश्न लिहिला: 'पुन्हां गातांना ती नटी भूमिकेच्या बाहेर येते कीं आंतच राहते?' अठ्ठावीस वर्षें नाटकावर व्याख्यानें दिलेल्या प्राध्यापकास याचें उत्तर देतां येईना. रात्रीं जेवतांना आम्हीं तो प्रश्न घरांत विचारला. सौभाग्यवती भाजी वाढतां वाढतां म्हणाली, "ती कुठं बाहेर येते? बाहेर येतों ते आपण. ती आपल्याला परत आंत घेऊन जाते." हें उत्तर आम्हीं आमच्या नांवावर पाठविलें आणि त्यास पूर्ण गुण मिळाले, हें येथें कबूल करणें भाग आहे.

आमच्या अहवालाहूनही आम्हांस आवडला तो त्या परिचारिकेचा. तिच्या गांवाजवळ नाट्यगृह नव्हतें, म्हणून मुलाच्या शाळेंतील नाटक पाहण्याची परवानगी तिनें मागून घेतली होती. त्या नाटकांत तिचा मुलगा झाड झाला होता. झाडास एकही वाक्य नव्हतें. तिनें लिहिलें होतें कीं, नाटकाची गोष्ट कांहीं आपल्याला नीट कळली नाहीं. कारण आपण सारा वेळ झाडाकडेच पाहत होतों, आणि झाड एकदां आपल्याकडे पाहून हंसलें. वर्गांतील पोरांना तें विनोदी वाटलें. आम्हांसही वाटलें. पण बाईंनीं त्यावर लिहिलें कीं, कोणत्याही कॅमेऱ्यानें हें झाड दाखविलें नसतें.

मार्चच्या पहिल्या आठवड्यांत, परिचित नाटकांतील एक प्रवेश घेऊन त्यांतील पात्रें कोठें उभीं राहतील तें मांडून दाखवा, असा अभ्यास आला. आम्हीं 'किंग लिअर'चा पहिला प्रवेश निवडला. तो आम्हांस तोंडपाठ होता. जेवणाच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडून लिअरला राजा केलें, दोन्ही थोरल्या मुलींना वजीर केलें, आणि धाकट्या कॉर्डेलियाला प्यादें. मग आम्ही संवाद वाचूं लागलों. थोरली बोलली, मधली बोलली. राजा त्यांस राज्याचे तुकडे वांटीत सुटला. पुस्तकांत या अवधींत कॉर्डेलियाला दोन लहानसीं स्वगतें आहेत. तीं वाचावयाचीं आणि पुढें जावयाचें, असा आमचा अठ्ठावीस वर्षांचा परिपाठ. परंतु पटावरचें प्यादें कोठेंच गेलें नव्हतें. बहिणींचीं लांबलचक भाषणें चालू असतां तें तेथेंच उभें होतें, सारें ऐकत होतें. छापील पानावर जें पात्र बोलत नाहीं तें नाहींसें होतें. रंगभूमीवर तें दिसत राहतें. एवढी साधी गोष्ट आम्हांस टेबलावरच्या एका लांकडी प्याद्यानें शिकवावी, याची त्या रात्रीं फार लाज वाटली.

त्यानंतरच्या सोमवारीं आमची फजिती झाली. तिकडे रविवारची मध्यरात्र होण्यास एक मिनिट उरे, तेव्हां आमच्याकडे सोमवारीं सकाळचे ११ वाजून २९ मिनिटें होत. हें गणित आम्हीं जानेवारींतच करून भिंतीवर लावून ठेविलें होतें. १३ मार्च रोजीं सकाळचा तास आटोपून पावणेअकरा वाजतां निश्चिंतपणें परीक्षा देण्यास बसलों, तों परीक्षा बंद! अमेरिकेंत मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें एक तास पुढें करतात. ती आदल्या दिवशींच झाली होती, आणि आमची मुदत १० वाजून २९ मिनिटांनींच संपली होती. आम्हीं बाईंना पत्र लिहिलें. घड्याळाची हकीकत सांगितली, आणि शेवटीं शरमेनें लिहिलें कीं, नियम मोडावा अशी आमची विनंती नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांचें दोन ओळींचें उत्तर आलें. त्यांनीं परीक्षा आठ दिवसांसाठीं पुन्हां उघडली होती. कारण विचारलें नव्हतें, पुरावा मागितला नव्हता. तुम्ही या आठवड्यांतही आमच्याबरोबर असावें, एवढेंच म्हटलें होतें.

'आठ दिवस' हे शब्द वाचले आणि पंधरा वर्षांपूर्वींचा एक मुलगा आमच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

तो दुसऱ्या वर्षाच्या इंग्रजीच्या वर्गांत होता. ऑगस्टचा महिना; पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमी चालू होत्या. १९६३ पासून चालत आलेली ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे पुण्यांतील मुलांचें पावसाळी वेड. त्यास त्यांत महत्त्वाची भूमिका मिळाली होती, आणि रात्रभर तालमी होत होत्या. आमची २० गुणांची चाचणी आठ दिवसांनीं देतां येईल का, असें विचारावयास तो आला होता. आम्ही पेपर तपासीत होतों. मान वर न करतां आम्ही म्हणालों, "चाचणी म्हणजे कांहीं नाटक नव्हे." हें वाक्य त्या वेळीं आम्हांस चांगलें साधलें असें वाटलें, शिक्षकांच्या खोलींत आम्हीं तें दोघांतिघांना सांगितलेंही. चाचणी कशावर होती, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. ती 'किंग लिअर'वर होती.

तो कांहीं बोलला नाहीं. थोडा वेळ उभा राहून "बरं, सर," म्हणाला आणि गेला. त्यानें भूमिका सोडली, चाचणी दिली, आणि २० पैकीं १६ गुण मिळविले. त्याची उत्तरपत्रिका आम्हांस फार आवडली होती. आतां आठवतें कीं, तींतील वाक्यें आमच्याच टिपणांतील होतीं. वर्षभर तो वर्गांत येत राहिला; पुढच्या बाकावर मात्र पुन्हां बसला नाहीं.

यांत कोणाचें आयुष्य उद्ध्वस्त झालें नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. नियम आमच्या बाजूनें होता, आणि आजही असेल. परंतु आठ हजार मैलांवरील ज्या शिक्षिकेनें आमचा चेहरा कधीं पाहिला नाहीं, तिला मुदत चुकवून उभा असलेला प्रौढ विद्यार्थी दिसला. आणि चार हातांवर उभें राहिलेलें मूल आम्हांस दिसलें नाहीं. भरतमुनींचें ६४ हातांचें माप आमच्या टेबलापुरतें तरी खोटें ठरलें. ज्या शिक्षणास आम्ही दुरस्थ म्हणून हंसत होतों, तें आम्हीं घंटेच्या ठोक्याला, भरल्या वर्गांत, अठ्ठावीस वर्षें दिलें होतें.

मे महिन्यांत अभ्यासक्रम संपला. आम्हांस दुसऱ्या श्रेणीचे गुण मिळाले. एप्रिलमधील दुसरा अहवाल लांबला होता, तो बाईंच्या मतें नाटकाहून प्रेक्षकांवरच अधिक होता. त्या वर्षीं आमच्या कॉलेजांत नाट्यास्वादाचा वर्ग सुरू झाला. नियमांच्या कागदांत आम्हीं एक कलम घातलें: तालीम असल्यास चाचणी आठ दिवस पुढें. प्राचार्यांनीं भुवया वर केल्या, पण सही केली. सौभाग्यवतीबरोबर आम्ही आतां महिन्यास एक तरी प्रयोग पाहतों. कागद घरीं ठेवून जातों.

त्या मुलाचा शोध त्याच्या एका वर्गमित्राकडून लागला. तो आतां विदर्भांत एका बँकेंत अधिकारी आहे. आम्हीं त्यास पत्र लिहावयास घेतलें. पहिलें वाक्य तीन वेळां खोडलें. प्राध्यापकीच्या या दिवसांत आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणण्यास इतके सरावलों आहों कीं लेखणीस दुसरें येतच नव्हतें. पण त्या पत्रांत 'आम्हीं चूक केली' असें लिहिल्यावर तें वाचवेना. शेवटीं 'मी' असें लिहिलें. त्या एकांकिकेंत त्याची भूमिका कोणती होती, हें मीं त्या वेळीं विचारलें नाहीं, तें आतां विचारतों, एवढाच मजकूर होता.

पत्र पाठवून पांच महिने झाले. उत्तर आलेलें नाहीं. त्यास आम्हीं मुदत घातलेली नाहीं.